उसन्या आठवणी

या मासिकाच्या परीक्षणाच्या पानांवर आजवर कादंबऱ्या आल्या, काव्यसंग्रह आले, नाटके आली, क्वचित एखाद्या चित्रपटालाही जागा मिळाली. परंतु पडद्यावर बोटांनी खेळावयाच्या खेळाचे परीक्षण येथे आल्याचे आमच्या स्मरणात नाही. असे परीक्षण लिहिण्याचा विचार आहे एवढे वाचूनच काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल, हे आम्ही जाणून आहो. ती आठी गेल्या दिवाळीपर्यंत आमच्याही कपाळावर होती. ती कशी नाहीशी झाली आणि जाताना मनास कोणती टोचणी लावून गेली, हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. ते सांगताना वडीलधाऱ्यांचा आणि तरुणांचा असा दोन्ही बाजूंचा रोष ओढवला, तर त्यास आमची तयारी आहे.

सुटीत आम्ही साताऱ्याहून सांगलीस भगिनीकडे गेलो होतो. आमचा भाचा एकवीस वर्षांचा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी, स्वभावाने शांत. फराळ आटोपला की तो आपल्या खोलीत जाई आणि तासन् तास बाहेर येत नसे. तिसऱ्या दिवशी भगिनी आम्हांस म्हणाली, “दादा, तू प्राध्यापक आहेस, तूच त्याला चार शब्द सांग.” चार शब्द सांगण्याच्या तयारीने आम्ही आत गेलो. पाहतो तो पडद्यावर दिव्यांच्या उजेडातले एक लहानसे गाव, बोटाएवढी माणसे, आणि तळाशी चौकटीत ओळीमागून ओळ मजकूर. मुलगा तो मजकूर वाचीत होता. मुले वाचीत नाहीत अशी तक्रार आम्ही गेली तीस वर्षे वर्गात आणि व्यासपीठांवर करीत आलो. येथे आमचाच भाचा दिवाळीची सुटी टाकून वाचीत बसला होता, आणि आम्ही त्यास ते बंद करावयास सांगण्यासाठी गेलो होतो! आम्ही मुकाट्याने शेजारची खुर्ची ओढून बसलो.

त्या खेळाचे नाव ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’. स्क्वेअर एनिक्स आणि अक्वायर या जपानी मंडळींनी तो २०१८ च्या जुलैत प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. पुढल्या वर्षी तो संगणकावरही आला, आणि २०२३ साली त्याचा दुसरा भागही निघाला. आठ प्रवासी, आठ प्रदेश आणि आठ कथा अशी त्याची मांडणी आहे. धर्मसेविका, पंडित, व्यापारकन्या, योद्धा, नर्तकी, वैदू, चोर आणि शिकारीण यांपैकी ज्यास प्रथम निवडावे त्याच्या गावी खेळास आरंभ होतो. मग वाटेत इतरांची गाठ पडते आणि चौघांचा तांडा करून पुढे निघावयाचे. या आठ जणांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवली की खेळाच्या नावाचा पहिला शब्द तयार होतो, ही गंमत भाच्याने आम्हांस मोठ्या कौतुकाने दाखवली. एकूण खेळ साठेक तासांचा. आम्ही सुटीत आणि सुटीनंतर मिळून बारा तास खेळलो. तेव्हा हे केवळ प्रथमदर्शनाचे मत आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही अर्थातच पंडित निवडला. सायरस त्याचे नाव. राजधानीच्या विद्यापीठात तो शिकवतो, आणि ग्रंथालयातून एक दुर्मिळ ग्रंथ चोरीस गेल्यामुळे त्याच्या कथेस तोंड लागते. ग्रंथ चोरीस गेला म्हणून घर सोडणारा नायक पाहून आमच्या जातभाईविषयी आम्हांस अभिमान वाटला. या पंडिताच्या अंगी एक विद्या आहे: रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाचे निरीक्षण केले की त्या माणसाचे पूर्ववृत्त चार-सहा ओळींत आपणांपुढे येते. कोपऱ्यात निमूट उभी असलेली म्हातारी कोणाची आई, पहारेकरी रात्री कोणत्या काळजीने जागतो, हे कळते. कथेशी यांचा सहसा संबंध नसतो. पण वाटेवरल्या प्रत्येक माणसास स्वतःचे चरित्र आहे, ही जाणीव आमच्या अनेक कादंबरीकारांनाही नसते.

आता लढाईविषयी. रानातून जाताना अदृश्य शत्रू एकाएकी समोर येतो, आणि मग दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहून पाळीपाळीने वार करतात. येथे बोटांच्या चपळाईस मान नाही, विचारास आहे. प्रत्येक शत्रूची काही मर्मस्थाने असतात. त्यांवर ठरावीक संख्येने घाव बसले की त्याचे कवच फुटते आणि तो क्षणभर हतबल होतो. दर पाळीस आपणांस बळाचा एक बिंदू मिळतो. तो लगेच खर्चावा किंवा पाचांपर्यंत साठवून योग्य क्षणी एकदम तीन वापरावेत. सारी कला या साठवणीत आणि खर्चण्यात आहे.

या खेळाचे रूप मुद्दाम जुने ठेवले आहे. माणसे जाड ठिपक्यांची, १९९० च्या सुमारास जपानात निघालेल्या यंत्रावर दिसत तशी. मात्र भोवतालचा प्रकाश, पाणी आणि धुके आजच्या सामर्थ्याचे. यासुनोरी निशिकी यांचे संगीत खऱ्या वाद्यांचे आहे. पाळीपाळीचे युद्धही त्याच काळातले. १९८६ साली युजी होरी यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९८७ साली हिरोनोबू साकागुची यांनी ‘फायनल फॅन्टसी’ रचली. त्या दोहोंनी घालून दिलेला हा प्रघात आहे. ज्या जपानी पिढीचे बालपण त्या खेळांत गेले, तिला तिचे बालपण उजळून परत देणे हा या नव्या खेळाचा उघड हेतू आहे. आम्ही त्यास दोष देत नाही. माणसास आपले बालपण प्रिय असतेच.

पण मग आमच्या भाच्याने जे वाक्य उच्चारले त्याने आम्ही चमकलो. तो म्हणाला, “मामा, हा खेळ खेळताना लहानपणीच्या घरी परत गेल्यासारखं वाटतं.”

कोणाचे लहानपण? हा मुलगा २००४ साली सांगलीत जन्मला. ज्या खेळांची ही आठवण, ते त्याच्या जन्मापूर्वीचे. आणि त्याच्या आईबापांच्या पिढीनेही ते पाहिले नव्हते. १९९० नंतर आपल्याकडे सातारा-सांगलीच्या बाजारात जी यंत्रे आली ती बहुतेक नकली. त्यांच्या पिवळ्या-निळ्या पेट्यांना मुले ‘कॅसेट’ म्हणत. त्यांवर लाखो खेळ असल्याचा आकडा छापलेला असे आणि आत तेच दहा-पंधरा फिरून फिरून येत. त्यांत मारिओ होता, बंदुका घेऊन धावणारे दोन शिपाई होते. परंतु पुष्कळ वाचावे लागणारे, अर्धे ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे खेळावयाचे हे जपानी कथाखेळ त्यांत जवळजवळ नसतच. मूळ भाषा जपानी, दुसरी इंग्रजी; मिरजेच्या किंवा कऱ्हाडच्या दहा वर्षांच्या पोराने ते कसे वाचावे? तात्पर्य, ज्या घरी परत गेल्यासारखे भाच्यास वाटले, त्या घरात तो कधी नव्हता, त्याचे आईबाप नव्हते, शेजारीही नव्हते. ती आठवण उसनी आहे. परदेशी तरुण आपले जुने खेळ खेळून दाखवतात ते पाहून घेतलेली.

हे आम्ही त्यास सुनावणार होतो. वाक्य ओठांवर आले होते. पण त्याच क्षणी आमचे आम्हांसच आठवले की, वर्ड्‌स्‌वर्थने पाहिलेली तळ्याकाठची पिवळी फुले आम्ही साताऱ्याच्या वर्गात तीस वर्षे शिकवली, शिकवताना आमचा कंठ दाटला, आणि ते फूल आम्ही आजवर डोळ्यांनी पाहिलेले नाही. आमच्या गावापासून काही कोसांवर कासचे पठार भाद्रपदात फुलते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याची गणना जागतिक वारशात झाली. त्या फुलांची मराठी नावे आमच्यापैकी किती प्राध्यापकांस सांगता येतील? इंग्रजी शिकलेल्या आमच्या वर्गाने दीडशे वर्षे परक्यांच्या बालपणावर आपले हळवेपण पोसले आहे. भाचा जे करतो ते आमच्याच घराण्याच्या रीतीस धरून आहे. फरक इतकाच की, आमच्या उसन्या आठवणीस पदवी मिळाली आणि त्याच्या उसन्या आठवणीस आईची बोलणी मिळतात!

तेव्हा आता ज्या वडीलधाऱ्या मंडळींचे मत ‘हे सारे पोरखेळ आहेत, वाङ्मयाशी यांचा काय संबंध’ असे आहे, त्यांस आम्ही सांगलीचाच इतिहास दाखवतो. १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या मनात आले की असे काही आपल्या भाषेत व्हावे. त्यांनी ते काम विष्णुदास भावे यांजवर सोपवले, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. तोच दिवस आज आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. परंतु त्या खेळांचे स्वरूप काय होते? सूत्रधार गाणार, विदूषक हसवणार, देव आणि राक्षस समोरासमोर येऊन लढणार, आणि राक्षस आरोळ्या ठोकीत येणार. त्या आरोळ्यांवरून पुढील शिकलेल्या पिढीने या नाटकांस ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. ज्या खेळास त्यांनी हिणवले, त्याच्याच नावाने आज आपण नाट्यगृहे बांधतो आणि पदके देतो. भाच्याच्या पडद्यावर राक्षस आरोळी ठोकून समोर उभा राहिला, तेव्हा आम्हांस कोणाची आठवण झाली, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. ती आठवण मात्र उसनी नव्हती.

जपानचीही गोष्ट वेगळी नाही. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ साली निघाला. त्यावरून तेथे १९८१ च्या सुमारास ‘विझर्ड्री’, ‘अल्टिमा’ असे संगणकाचे खेळ झाले. आणि ते पाहून होरी यांनी आपल्या लोकांसाठी, आपल्या भाषेत, सोपा आणि रसाळ असा खेळ घडवला. सांगलीने कानड्यातून घेतले, जपानने अमेरिकेतून घेतले. घेण्यात लाज नाही. घेतलेले पचवून आपल्या भाषेत न आणण्यात आहे. चिंतामणरावांनी कानडी खेळ पाहून सांगलीच्या मुलांस ते पाहण्यास बंदी केली असती, तर आज कोणता दिवस साजरा केला असता?

कोणी म्हणेल, ‘पण खेळापायी घरे बुडतात.’ पैसे लावून खेळण्याच्या ज्या ऑनलाइन खेळांनी घरे बुडाली, त्यांस बंदी करणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टात केला, आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण जुगार निराळा आणि कथा निराळी. मटक्याचा अड्डा आणि वाचनालय एकाच पेठेत असले म्हणून दोहोंस एकच कुलूप लावावे काय? वेळेचा अतिरेक होतो हे खरे. तो कादंबरीनेही होतो. आमच्या मातोश्रींनी आमच्या हातून रात्रीचा कंदील काढून घेतला होता; ग्रंथ वाईट आहे असे मात्र त्या म्हणाल्या नव्हत्या.

आता तरुणांकडे वळतो. त्यांचे म्हणणे असे की, ‘खेळ हा आनंदासाठी, त्याची चिकित्सा कशाला?’ हे म्हणणे आम्हांस पहिल्यापेक्षाही घातक वाटते. ज्या कलेची चिकित्सा होत नाही ती वाढत नाही. तिचा केवळ खप वाढतो. या खेळाचे मोठे दोष आम्हांस बारा तासांत दिसले. चौघे सोबती रानात खांद्यास खांदा लावून लढतात, पण एकाच्या कथेचा कसोटीचा प्रसंग आला की बाकीचे तिघे जणू अंतर्धान पावतात. त्याच्या दुःखाशी त्यांस काही देणेघेणे नसते. प्रवासात कधीमधी आपसांत चार वाक्ये बोलतात, तेवढाच स्नेह. प्रत्येक पहिल्या अध्यायाचा साचाही एकच: गाव, संकट, गुहा आणि गुहेच्या शेवटी दांडगा शत्रू. तिसऱ्या प्रवाशाच्या वेळी आम्हांस पुढले सारे आधीच कळले. जुन्याच्या प्रेमापोटी जुन्याचे दोषही जपावयाचे, हा गतकातरतेचा जुनाच रोग आहे. आमची ऐतिहासिक नाटके आणि संगीत नाटकांची पुनरुज्जीवने त्यानेच ग्रासली आहेत. एवढे मात्र कबूल केले पाहिजे की, या जपान्यांनी जुने जसेच्या तसे मांडले नाही. त्यावर नवा प्रकाश टाकला. आम्ही आमच्या जुन्यावर बहुधा हारच घालतो.

परंतु आमची खरी तक्रार याहून खोल आहे, आणि तिचा रोख ना जपान्यांवर आहे ना मुलांवर. या खेळात शिकारिणीचे एक पात्र आहे. तिचा गुरू श्वापदाच्या मागावर गेला तो परतला नाही, म्हणून ती आपल्या हिमबिबट्यास घेऊन निघते. तिच्या रानातली माणसे जुनी भाषा बोलतात हे दाखवण्यासाठी इंग्रजी अनुवादकांनी तिच्या तोंडी पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या वळणाची बनावट इंग्रजी घातली आहे. ती निर्दोष नाही, वाचताना ठेच लागते. पण जपानी खेळासाठी आपल्या भाषेचा जुना पेटारा उघडण्याची त्यांस हौस होती. आम्ही भाच्यास म्हणालो, “ही बाई मराठीत बोलली असती तर बखरीच्या भाषेत बोलली असती. किंवा माणदेशच्या बोलीत.” व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली ग्रंथरूपाने आली, तो माणदेश सांगली-साताऱ्याच्याच उंबऱ्यावर आहे. भाचा क्षणभर थांबला आणि अगदी सरळ मनाने म्हणाला, “मामा, खरं सांगू? मराठीत असतं तर पोरकट वाटलं असतं.”

हे वाक्य आम्ही आजतागायत विसरू शकलो नाही. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. सातारा जिल्ह्यातल्या वाईत विश्वकोशाचे काम झाले, आणि भिलारास २०१७ साली पुस्तकांचे गाव वसले. हे सारे आमचे वैभव. आणि या वैभवाच्या मधोमध वाढलेल्या, घरी अस्खलित मराठी बोलणाऱ्या मुलास असे वाटते की ज्या गोष्टींनी त्याचे मन थरारते त्या गोष्टी मराठीत पोरकट होतील! दोष त्याचा नाही. त्याने अशी एकही गोष्ट मराठीत पाहिलेली नाही. या खेळात इंग्रजी आहे, जपानी आहे, फ्रेंच आणि जर्मन आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी मोठ्या कष्टाने ‘राजी’ नावाचा खेळ २०२० साली काढला. बहीण आपल्या भावास राक्षसांच्या हातून सोडवते, दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. सारे आपल्या मातीतले. पण पहिल्या आवृत्तीत देवांच्या तोंडी इंग्रजी होती. हिंदी आवाज मागाहून आले. आम्ही त्या मंडळींस नावे ठेवीत नाही. बाजार जिकडे, तिकडे भाषा जाते. आम्ही नावे ठेवतो ती स्वतःस. मराठी साहित्याचे पदवीधर नोकरीच्या शोधात हिंडत असताना, लक्षावधी शब्दांचे हे नवे वाङ्मय आपले नव्हे असे म्हणून त्याकडे पाठ फिरवणारे आम्हीच ना?

म्हणून आमची मागणी थोडी आणि स्पष्ट आहे. या मासिकाने वर्षातून दोन-तीन तरी खेळांचे परीक्षण छापावे, आणि ते कादंबरीच्या परीक्षणाइतक्याच कठोरपणे लिहवून घ्यावे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांनी नाटक आणि चित्रपट यांच्याबरोबर पडद्यावरील कथाखेळाच्या लेखनासही जागा द्यावी. अनुवादकांनी एखाद्या लहान खेळापासून आरंभ करावा. आणि पालकांनी खोलीचे दार ढकलून ‘बंद कर’ म्हणण्यापूर्वी एकदा ‘काय वाचतोस?’ असे विचारावे.

आम्ही आमच्यापुरता आरंभ केला आहे. सांगली सोडण्याच्या आदल्या रात्री भाच्याबरोबर बसून त्या खेळातील शब्दांस मराठी शब्द शोधू लागलो. विश्वकोशाच्या धाटणीचे जड शब्द आम्ही सुचवले. त्याने ते हसून उडवले. शेवटी साठवून ठेवावयाच्या त्या बळाच्या बिंदूंपाशी आम्ही अडलो. आमच्या बुद्धीस काही सुचेना. तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, कुस्तीत काय म्हणतात? दम. यानं दम धरला, यानं दम लावला.” सांगलीच्या आखाड्यांतला हा शब्द तेथे असा चपखल बसला की आम्ही दोघेही गप्प झालो. वार न करता थांबणे, म्हणजे दम धरणे. बळ एकवटून तुटून पडणे, म्हणजे दम लावणे. इंग्रजीत जे समजावण्यास दोन वाक्ये लागतात, ते मराठीच्या एका शब्दाने झाले.

“हा शब्द पोरकट वाटतो का रे?” आम्ही विचारले.

त्याने मान हलवली आणि वहीत पुढचा शब्द लिहावयास घेतला. ती वही आता साताऱ्यास आमच्या मेजावर आहे. तीत आजवर एकशे बारा शब्द झाले आहेत, आणि बरेचसे भाच्याचे आहेत.